भांडवल, पूँजी आणि सरमाया

झाशीच्या जुन्या तटबंदीबाहेर जी वस्ती 'सिविल लाइंस' म्हणून ओळखली जाते, तिच्या नावातच एक लहानसा इतिहास सामावलेला आहे. 'लाइन' हा शब्द मूळचा लॅटिन. जवसाच्या धाग्याची दोरी हा त्याचा पहिला अर्थ. पुढे दोरीने आखलेली रेघ, आणि हिंदुस्थानातील इंग्रजी अमलात त्याच रेघेवर उभारलेली शिपायांच्या निवाऱ्यांची रांग, असा तो अर्थ सरकत गेला. 'सिव्हिल' म्हणजे नागरी, अर्थात लष्करी नव्हे ते. नागर आणि लष्कर यांमधली ही सीमारेषा झाशीत नुसत्या नावापुरती नव्हती. १८५८ च्या संहारानंतर १८६१ मध्ये झाशीचे शहर व किल्ला शिंद्यांच्या स्वाधीन करण्यात आला आणि इंग्रजी जिल्ह्याची कचेरी व छावणी तटाबाहेर नौआबाद येथे राहिली. नौआबाद म्हणजे नवी वसवलेली वस्ती. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला व मुरार यांच्या बदल्यात शहर पुन्हा इंग्रजांकडे आले. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे तटाच्या आत एक राज्य होते आणि तटाबाहेर दुसरे. पुढे दोन्ही राज्ये गेली, पण वस्तीचे नाव राहिले. शब्दांचा स्वभाव असाच आहे. ज्या व्यवस्थेने त्यांना जन्म दिला ती नाहीशी होते, आणि शब्द मात्र पुढल्या पिढ्यांच्या तोंडी निर्धास्त वावरत राहतात.

अशा गावी राहणाऱ्या मराठी माणसाला शब्दांकडे पाहण्याची एक सोय आपोआप लाभते. अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल बुंदेलखंडात बसला, नारोशंकरांनी झाशीचा किल्ला वाढवला, आणि त्या काळापासून येथे मराठी घराणी नांदत आली. पुढे रेल्वे आली आणि तिच्या नोकरीने आणखी मराठी कुटुंबे येथे आणली. या कुटुंबांत घरची भाषा मराठी, दारची बुंदेली-हिंदी आणि कचेरीतील जुन्या कागदांची उर्दू. व्यापारात घातलेल्या पैशाला घरात 'भांडवल' म्हणायचे, बाजारात 'पूँजी' म्हणायचे, आणि जुन्या दस्तऐवजात वा उर्दू वर्तमानपत्रात त्यालाच 'सरमाया' म्हणून ओळखायचे! वस्तू एक आणि नावे तीन. सर्वसाधारण समज असा की, नाव कोणतेही असो, वस्तू तीच राहते. तो समज कितपत खरा आहे, हे या तीन शब्दांचीच थोडी चौकशी केली म्हणजे दिसून येईल.

'भांडवल' या शब्दाच्या मुळाशी संस्कृत 'भाण्ड' हे पद आहे. भाण्ड म्हणजे पात्र. पण तेवढेच नव्हे. हत्यार, सामान आणि विशेषेकरून विक्रीचा माल हेही त्याचे अर्थ होत. मराठीतील भांडे आणि भांडार ही दोन्ही या शब्दाची भावंडे. 'भांडण' हा शब्द कानाला जवळचा वाटला तरी त्याचे कुळ निराळे आहे. भांडवलावरून कितीही भांडणे झाली असली तरी त्यांचा संबंध व्युत्पत्तीने जोडता येत नाही. तेव्हा भांडवल या शब्दात जे चित्र आहे ते मालाचे आहे. व्यापाऱ्याने बैलांच्या पाठीवर लादलेला, पेठेतून पेठेत नेलेला, विकून पुन्हा भरलेला माल. तो एका जागी बसत नाही. बसला तर तो भांडवल राहत नाही, नुसते सामान होते.

'पूँजी' या शब्दाची गोष्ट वेगळी. त्याचे मूळ 'पुञ्ज'. पुञ्ज म्हणजे रास किंवा ढीग. धान्याची रास, ताऱ्यांचा पुंजका, तशीच पैशाची पूँजी. येथे चित्र साठ्याचे आहे. कणाकणाने रचलेल्या आणि जपून ठेवलेल्या गोष्टीचे आहे. म्हणून हिंदी भाषिक 'जमा-पूँजी' म्हणतो तेव्हा त्यात म्हातारपणासाठी राखून ठेवलेल्या शिलकीची माया असते. मराठीतही 'आयुष्यभराची पुंजी' हा प्रयोग आहे. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथे मराठी माणूस 'आयुष्यभराचे भांडवल' असे सहसा म्हणत नाही. उलट, 'दुसऱ्याच्या दुःखाचे भांडवल करणे' हा वाक्प्रचार मराठीत सर्रास चालतो आणि तो निंदेचा आहे. जपली जाते ती पुंजी आणि वापरले जाते ते भांडवल, असा भेद मराठी मनाने नकळत केलेला आहे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून बचत आणि गुंतवणूक यांमधील जो फरक अनेक पानांत समजावून द्यावा लागतो, तो या दोन शब्दांत आधीच उभा आहे.

तिसरा शब्द 'सरमाया'. तो फारसी आहे. 'सर' म्हणजे डोके आणि 'माया' म्हणजे मूळ द्रव्य. मराठीत 'त्याने बरीच माया जमवली' असे म्हणतात खरे. पण फारसीतील माया आणि संस्कृतातील माया यांचे गोत्र एक नव्हे. येथे डोके म्हणजे मुख्य. जे द्रव्य मुख्य आहे, ज्यापासून बाकीचे निघते, ते सरमाया. आणि नवलाची गोष्ट अशी की, युरोपात 'कॅपिटल' हा शब्दही डोक्यापासूनच झालेला आहे. लॅटिन भाषेत 'कापुत' म्हणजे मस्तक. त्यापासून मुख्य रक्कम या अर्थी 'कापिताले' हा मध्ययुगीन शब्द निघाला. इंग्रजीत गुरांना 'कॅटल' आणि जंगम मालाला 'चॅटल' म्हणतात. ते दोन्ही शब्द याच मुळाचे. धन म्हणजे गुरे, ही कल्पना मराठीला परकी नाही. गोधन आणि पशुधन हे शब्द तिच्या घरचेच आहेत.

तेव्हा एकाने माल पाहिला, दुसऱ्याने रास पाहिली आणि तिसऱ्याने मस्तक पाहिले. परंतु खरा मतभेद ह्या शब्दांच्या मुळांत नाही. तो त्यांच्या शेपटांत आहे. भांडवलाच्या प्राबल्यावर उभ्या असलेल्या समाजरचनेला नाव देण्याची वेळ आली तेव्हा मराठीने 'भांडवलशाही' हा शब्द घडवला, हिंदीने 'पूँजीवाद' हा शब्द रूढ केला आणि उर्दूने 'सरमायादारी' म्हटले. शाही, वाद आणि दारी ह्या तीन प्रत्ययांत तीन निरनिराळी निदाने आहेत.

'वाद' हा वद् धातूपासून झालेला शब्द. वाद म्हणजे बोलणे, प्रतिपादन, मत. अद्वैतवाद हा एक वाद, मायावाद हा दुसरा. वादाला प्रतिवाद असतो. तो युक्तीने खोडता येतो किंवा पटला तर स्वीकारता येतो. 'पूँजीवाद' म्हटले की ते एका विचारसरणीचे नाव होते, आणि समाजवाद, साम्यवाद यांच्याच पंक्तीला ती विचारसरणी येऊन बसते. 'दारी' म्हणजे धारण करणे, बाळगणे. जमीनदारी तशी सरमायादारी. तेथे दृष्टी मालकीवर खिळलेली आहे. प्रश्न इतकाच की, द्रव्य कोणाच्या हाती आहे. 'शाही' ह्या प्रत्ययात मात्र राजा बसलेला आहे. मराठी माणसाने निजामशाही पाहिली, आदिलशाही पाहिली आणि त्यांच्याशी तो लढला. पुढे त्याच साच्यातून त्याने हुकूमशाही, नोकरशाही आणि लोकशाही हे शब्द काढले. हिंदीने लोकतंत्र म्हटले तेथे मराठीने लोकशाही म्हटले, म्हणजे राजाच्या आसनावर लोकांना नेऊन बसवले. ह्याच मापाने भांडवलशाही म्हणजे भांडवलाचे राज्य. राज्याला प्रतिवाद चालत नाही. राज्य सोसावे लागते, बदलावे लागते किंवा उलथावे लागते.

याचा परिणाम असा झाला की, मराठीतील चर्चेत भांडवलशाही आणि समाजवाद ही जोडी मुळातच विषम पडली. एकीकडे राज्य आणि दुसरीकडे मत. एक आहे ते, दुसरे असावे ते. ज्याला भांडवलाच्या बाजूने बोलावयाचे असते त्याला मराठीत बोलताना प्रथम त्या 'शाही'चे ओझे उतरवावे लागते, आणि म्हणूनच तो 'मुक्त अर्थव्यवस्था' किंवा 'खाजगी क्षेत्र' असे सौम्य शब्द शोधतो. उलट, हिंदीत पूँजीवादाची बाजू घेणाऱ्याला तो एक वाद आहे एवढे म्हणून स्वस्थ राहता येते. पण त्याच्या विरोधकाला, हा केवळ पुस्तकातला वाद नसून रोजच्या पोटापाण्यावर चालणारी सत्ता आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. प्रत्ययाने कोणाचा पक्ष खरा ठरत नाही; पण बोलणाऱ्यांपैकी कोणावर पुराव्याचे ओझे पडावे, हे पुष्कळ वेळा प्रत्ययच ठरवून टाकतो.

युरोपातही हा शब्द फार जुना नाही. कॅपिटल जुना, कॅपिटालिस्ट सतराव्या शतकातला, आणि कॅपिटालिझम हा शब्द आजच्या अर्थाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आला. १८५० मध्ये फ्रेंच समाजवादी लुई ब्लांक याने तो वापरताना एक मार्मिक भेद केला होता. भांडवल ही उत्पादनाला लागणारी वस्तू निराळी, आणि काहींनी इतरांना वगळून तिचा ताबा घेणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीला त्याने कॅपिटालिझम म्हटले. कार्ल मार्क्स ह्याने १८६७ मध्ये ज्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्याचे नावही 'भांडवल' असेच आहे. भांडवलशाही हा शब्द त्याच्या लेखनात अगदी क्वचित आढळतो. तो शब्द विद्वत्सभेत प्रतिष्ठित झाला तो वेर्नर झोम्बार्ट याच्या १९०२ मधील ग्रंथामुळे. म्हणजे ज्या व्यवस्थेवर एवढे वादंग माजले, तिचे नाव तिच्या पुष्कळ मागून आले.

पण नाव येण्यापूर्वीच झाशीने त्या वस्तूचा अनुभव घेतलेला होता. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव निवर्तले आणि १८५४ मध्ये झाशीचे संस्थान खालसा झाले. ते कोणी खालसा केले? एखाद्या राजाने नव्हे; एका कंपनीने. 'कंपनी' ह्या शब्दाचे मूळ मोठे सात्त्विक आहे: जे एकत्र बसून भाकरी खातात, ते सोबती. १६०० च्या अखेरीस लंडनच्या व्यापाऱ्यांनी भागभांडवल घालून ही मंडळी स्थापन केली. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला. परंतु भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळत राहील आणि तो हिंदुस्थानच्या वसुलातून दिला जाईल, अशी तजवीज त्याच कायद्याने केली. म्हणजे १८५४ साली झाशीच्या रयतेचा सारा जिच्या तिजोरीत जाऊ लागला, ती कंपनी व्यापार करीत नव्हती. तिच्याजवळ भांडवल होते, भागधारक होते आणि राज्य होते. मालाचा व्यवहार संपला आणि केवळ अंमल उरला. भांडवलशाही ह्या समासाचा विग्रह इतक्या अक्षरशः क्वचितच कोठे झाला असेल. 'कंपनी सरकार' हे दोन शब्द जोडून बोलणाऱ्या सामान्य माणसाला अर्थशास्त्र माहीत नव्हते; पण त्याने जे पाहिले त्याला त्याने अचूक नाव दिले होते.

त्याच झाशीत एप्रिल १८५८ मध्ये जे घडले त्याचे एक मराठी वर्णन उपलब्ध आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक घरच्या कर्जाच्या चिंतेने द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले, आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार झाले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. शहर पडल्यावर जी लूट झाली तिचे वर्णन त्यात आहे. प्रथम सोने, रुपे व रोकड गेली, आणि मग तांब्या-पितळेच्या भांड्यांची, वस्त्रांची व धान्याची पाळी आली. ते वाचताना 'भांडवल' शब्दातील 'भाण्ड' डोळ्यांपुढे उभे राहते. हिंदुस्थानातील सामान्य गृहस्थाची पेढी म्हणजे त्याची भांडी. लग्नकार्यात ती मिळावीत, अडीअडचणीला गहाण पडावीत आणि हंगाम चांगला आला की सोडवून आणावीत. विद्वानांचे कॅपिटल मस्तकापासून निघाले असेल. गरिबाचे भांडवल स्वयंपाकघरातील फळीवरच मांडलेले असते.

'गहाण' हा शब्दही मोठा बोलका आहे. त्याचे मूळ 'ग्रहण', म्हणजे पकडणे. सूर्याला लागते ते ग्रहण आणि शेताला लागते ते गहाण, ही सख्खी भावंडे. पण या व्यवहारातील सर्वांत नवलाचा शब्द 'व्याज' हा आहे. संस्कृतात व्याज म्हणजे कपट, निमित्त, सोंग. अलंकारशास्त्रातील व्याजस्तुती आणि व्याजोक्ती ह्या शब्दांत तो अर्थ अद्याप शाबूत आहे. मराठीत व्याज आणि हिंदीत ब्याज म्हणजे पैशाच्या वापराबद्दल द्यावयाची वाढ. ग्रीक भाषेत ह्याच गोष्टीला 'तोकोस' म्हणजे अपत्य म्हणत असत, आणि पैशाच्या पोटी पैसा जन्मावा हे निसर्गविरुद्ध आहे, असा आक्षेप ॲरिस्टॉटलने त्याच शब्दावर कोटी करून घेतला होता. हिंदीत मात्र 'मूल से ब्याज प्यारा' ही म्हण नातवंडांच्या कौतुकाची आहे. मराठी आजी तेथे दुधापेक्षा साय गोड म्हणते. व्याजाला कोणी कपट म्हटले, कोणी मूल म्हटले आणि कोणी नातू!

व्याज घेणाऱ्याला मात्र भाषेने मोठे प्रशस्तिपत्र दिले. 'सावकार' आणि 'साहुकार' ह्या शब्दांच्या मुळाशी 'साधु' आहे. साव म्हणजे प्रामाणिक, चोराच्या उलट. जुन्या काळी ज्याच्या हुंडीवर परगावी रोकड मिळे, त्या पेढीवाल्याला हे नाव शोभतही होते. परंतु मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणबी चालून गेले ते सावकारांच्या कागदांवर. खते आणि रोखे हाती घ्यावेत व जाळावेत, हा त्या दंग्याचा मुख्य रोख होता. ज्या लेखावर अंगठा उठवला तो वाचता येत नाही, त्यातील शब्दांच्या जोरावर जमीन जाते, आणि ती नेणाऱ्याला भाषा 'साव' म्हणते. अशा वेळी माणसाचा राग शब्दांवरच निघतो. त्या दंग्यानंतर १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. बुंदेलखंडाची अवस्था याहून बरी नव्हती. कर्जात बुडालेल्या जमीनदारांसाठी १८८२ मध्ये खास झाशीकरिता कायदा करावा लागला, आणि १९०३ मध्ये बुंदेलखंडातील शेतजमीन बिगर-शेतकऱ्यांकडे कायमची जाऊ नये म्हणून दुसरा. कर्ज, डिक्री, कुर्की आणि नीलाम ही तेथील शब्दमालिका. कर्ज अरबी, डिक्री इंग्रजी आणि नीलाम मूळचा पोर्तुगीज. गोव्याच्या किनाऱ्याने तोच मराठीत 'लिलाव' होऊन आला. शेतकऱ्याचे घर मोडण्यास इतक्या देशांचे शब्द एकत्र आले. आणि त्यांपैकी एकही त्याच्या बोलीतला नव्हता.

येथे आणखी एक जोडी पाहण्यासारखी आहे. ऋण आणि कर्ज ह्यांचा अर्थ एकच. पण प्रतिष्ठित मनुष्य उपकाराचे ऋण मानतो, उपकाराचे कर्ज कोणी मानीत नाही. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांनी ऋणाला धर्माचे वलय दिले. कर्जाच्या वाट्याला लाज आली. जर्मन भाषेत 'शुल्ड' ह्या एकाच शब्दात कर्ज आणि अपराध दोन्ही आहेत. मोठ्या कारखान्याच्या ताळेबंदात जे सन्मानाने लिहिले जाते, ते लहान शेतकऱ्याच्या दारी कलंक ठरते, याचे कारण केवळ रकमेच्या लहानमोठेपणात नाही. ते शब्दांनी वाटून दिलेल्या मानापमानातही आहे. हा मानापमान जिवावर बेततो, हे कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांनी दाखवून दिले आहे. म्हणून हा विषय केवळ कोशकारांच्या करमणुकीचा नव्हे.

झाशीच्याच रेल्वे कचेरीत विसाव्या शतकाच्या आरंभी नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांना हा प्रश्न निराळ्या बाजूने भेटला. महावीरप्रसाद द्विवेदी हे त्यांचे नाव. १९०३ मध्ये त्यांनी 'सरस्वती' मासिकाचे संपादकत्व घेतले आणि लौकरच रेल्वेची नोकरी सोडली. ज्या रेल्वेच्या उद्योगात त्यांचा काळ गेला, तिच्या भांडवलाची कथाही शिकवण देणारी आहे. १८४९ च्या करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्क्यांची हमी देण्यात आली होती. रूळांवरून गाडी धावो वा न धावो, व्याज मिळणारच. कमी पडेल ते सरकारी तिजोरीतून. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत नफा हा धाडसाचा मोबदला म्हणून सांगितला जातो. येथे धाडस करदात्याचे आणि मोबदला भागधारकाचा होता. द्विवेदींनी १९०८ मध्ये 'सम्पत्तिशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध करून हिंदीत ह्या विषयाची परिभाषा उभी केली. मराठीचे ज्ञान असलेल्या या लेखकापुढे मराठीतील प्रयत्न होऊन गेलेले होते. लोकहितवादींनी १८४९ मध्ये 'लक्ष्मीज्ञान' लिहिले आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ मध्ये 'अर्थशास्त्रपरिभाषा'.

एकाच शास्त्राची ही तीन नावे. लक्ष्मी ही देवता आहे. ती चंचल असते आणि प्रसन्न होते. संपत्ती म्हणजे जे प्राप्त झाले ते. अर्थ हा तर धर्म आणि काम यांच्याबरोबरचा एक पुरुषार्थ, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'शब्दाचा अभिप्राय' असाही आहे. लक्ष्मीचे ज्ञान म्हटले की दैवाची आठवण होते, संपत्तीचे शास्त्र म्हटले की मालकीची, आणि अर्थाचे शास्त्र म्हटले की प्रयत्नाची व हेतूची. कौटिल्याचा ग्रंथ १९०९ मध्ये म्हैसूरला छापला गेला आणि 'अर्थशास्त्र' ह्या नावाला पुरातन गौरवाचे पाठबळ मिळाले. मग बाकीची नावे मागे पडली.

आता एक सावधगिरीची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. शब्दाचे मूळ हे त्याच्या आजच्या अर्थाचे प्रमाण नव्हे. व्याज म्हणजे पूर्वी कपट होते, एवढ्यावरून प्रत्येक पतपेढी कपटी ठरत नाही. सावकारात साधू आहे म्हणून सावकारी पवित्र ठरत नाही. आणि कंपनीत भाकरी आहे म्हणून तिच्यातील सर्वांच्या वाट्याला ती सारखी येते, असेही नाही. नदीच्या उगमावरून तिच्या मुखाशी असलेल्या पाण्याची चव सांगता येत नाही. तथापि उगमाचा विचार निरर्थकही नाही. शब्द हे युक्तिवाद नसतात, पण ते युक्तिवादापूर्वीच मनाची जमीन तयार करतात. व्युत्पत्ती उत्तर देत नाही. ती विसरलेला प्रश्न आठवून देते. 'मक्तेदारी' हाच शब्द घ्यावा. मक्ता म्हणजे सरकारने ठरावीक रकमेवर दिलेली वसुलीची वा विक्रीची इजारदारी. बाजारात एकट्याचे वर्चस्व दिसले की मराठी माणूस मक्तेदारी म्हणतो, आणि त्या शब्दाच्या पोटात एक प्रश्न असतो: हा मक्ता दिला कोणी? हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

शब्दाचा असा जाणीवपूर्वक उपयोग केल्याचे एक उदाहरण रेल्वे कामगारांच्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कामगारांना दोन शत्रूंशी झुंजावयाचे आहे असे सांगितले. मराठीत त्या दोन शत्रूंची नावे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही अशी रूढ झाली. ब्राह्मणशाही म्हणजे अमुक एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा अभाव, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. दोन्ही शब्दांचा शेवट एकच असल्यामुळे दोन्ही गोष्टी सत्तेची रूपे आहेत, हे मराठी ऐकणाऱ्याला वेगळे पटवावे लागले नाही. ज्याला कारखान्यातील वरच्या मजुरीचे खाते जातीमुळे बंद होते, त्याच्या दृष्टीने भांडवल हा वाद नव्हता आणि जात हाही वाद नव्हता. दोन्ही राज्ये होती.

परंतु शाही हा प्रत्यय आहे, म्हणजे तो शब्दाला नंतर जोडलेला आहे. आणि जे जोडलेले असते ते सोडवताही येते. हीच ह्या समासाची खरी शिकवण होय. भांडवल आणि भांडवलाचे राज्य ह्या दोन गोष्टी आहेत, हे मराठी शब्द स्वतःच सांगतो. नांगर, माग, मोट आणि भांडी यांवाचून कोणताही समाज चालणार नाही. वाद आहे तो त्यांच्यावर हुकूम कोणाचा, इतकाच. १९०४ च्या कायद्याने हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांची सुरुवात झाली, आणि 'सावकार' शब्दाच्या शेजारी 'सहकार' हा शब्द येऊन उभा राहिला. संस्कृत काव्यात सहकार म्हणजे सुगंधी आम्रवृक्ष. व्यवहारात तो एकत्र काम करणे या अर्थाने रुजला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेच्या काठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा शेतकऱ्यांनी भाग घेऊन जे उभे केले त्यालाही 'भागभांडवल' असेच म्हणतात. भांडवल तेच, पण त्याच्या मागची शाही काढून घेण्याचा तो प्रयत्न होता. तो प्रयत्न कितपत साधला, ह्याची नोंदही भाषेनेच ठेवली आहे. काही वर्षांनी मराठीने 'साखरसम्राट' हा शब्द काढला. राजा दाराने गेला आणि खिडकीने परत आला, हे कोणत्याही चौकशी समितीच्या अगोदर लोकांच्या जिभेने टिपले.

भाषेचा हाच मोठा गुण आहे. ती फसवते, पण फसवणुकीची नोंदही तीच ठेवते. साधूचा सावकार झाला, भाकरीच्या सोबत्यांची कंपनी झाली, कपटाचे व्याज झाले, हे सर्व तिने लपवले; आणि जो विचारील त्याला उघड करून दाखवले. तेव्हा भांडवलशाही चांगली की वाईट, असा सरसकट प्रश्न करण्यापेक्षा त्या शब्दाचे दोन तुकडे करून दोन प्रश्न विचारणे अधिक हिताचे आहे. भांडवल कोणाच्या श्रमाने साठले? आणि शाही कोणाची चालते? जेथे दोहोंचे उत्तर एकच येते, तेथे तो शब्द लागू पडत नाही. जेथे उत्तरे निराळी येतात, तेथे नाव कोणतेही असो, वस्तू तीच असते.

झाशीच्या सिविल लाइंसमधील मराठी घरात आजही मूल अंगणात एक भाषा ऐकते आणि माजघरात दुसरी. त्याने पूँजी म्हणताना रास पाहावी, भांडवल म्हणताना फिरता माल पाहावा आणि सरमाया म्हणताना मुख्य काय व गौण काय हे विचारावे, एवढे जरी त्याला शिकवता आले, तरी तीन भाषांच्या शेजाराचे सार्थक झाले असे म्हणता येईल. कारण ज्याच्याजवळ एका वस्तूला एकच शब्द असतो, तो त्या शब्दाचा ताबेदार होतो. ज्याच्याजवळ तीन असतात, त्याला निदान निवड करता येते.